वर्डमधून संकेतस्थळ तयार करताना या चुका टाळा

लहान संस्था आणि ग्रंथालये आपली माहिती वर्डमध्ये लिहून त्याचीच वेब पाने करतात. पाने मोजकी असतील तर त्यात गैर काही नाही. अडचणी येतात त्या बहुधा छापील कागद डोळ्यांसमोर ठेवून मजकूर सजवण्याच्या सवयीमुळे.

शीर्षकाची अक्षरे केवळ ठळक आणि मोठी केली, तर माणसाला ते शीर्षक वाटते. ब्राउझर, शोधयंत्र आणि दृष्टिहीनांसाठीचे स्क्रीन रीडर मात्र त्याला साधा परिच्छेद समजतात. म्हणून ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ या शैलीच वापराव्यात. स्पेसबार दाबून जुळवलेले रकाने मोबाइलवर विस्कटतात. तेथे खरा तक्ता घालावा.

फाइल ‘वेब पेज’ म्हणून साठवली की ती पुन्हा वर्डमध्ये उघडता यावी यासाठी लागणारा बराच मजकूर एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेब पान ज्या खुणांच्या भाषेत लिहिलेले असते तीत, शिरतो आणि पान विनाकारण जड होते. संकेतस्थळावर चढवण्यासाठी ‘वेब पेज, फिल्टर्ड’ हा पर्याय निवडावा आणि वर्डची मूळ डॉक्स (.docx) फाइल जपून ठेवावी. पुढची प्रत्येक दुरुस्ती त्या मूळ फाइलमध्येच करावी, कारण घाईने थेट एचटीएमएलमध्ये केलेला बदल पुढच्या रूपांतरात पुसला जातो, आणि तो पुसला गेल्याचे सहसा वाचकच कळवतात. पाने वाढू लागल्यावर जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये सुरू केलेले पॅनडॉक हे फाइलचे एका स्वरूपातून दुसऱ्यात रूपांतर करणारे मुक्त सॉफ्टवेअर अधिक सोयीचे ठरते. ते टंक (फाँट) आणि आकार बहुतांशी सोडून देते, पण शैलींनुसार शीर्षके नीट उतरवते.

मराठी मजकुराची सर्वांत मोठी अडचण जुन्या, युनिकोडपूर्व (सर्व लिपींच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणाआधीच्या) टंकांची आहे. अशा टंकात लिहिलेले पान तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरांसारखे दिसते आणि शोधयंत्रालाही सापडत नाही. नुसता टंक बदलून ते सुधारत नाही, मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या परिवर्तकातूनच (कन्व्हर्टर) काढावा लागतो. युनिकोड मजकूर असूनही चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसली, तर साठवतानाच्या ‘वेब ऑप्शन्स’मध्ये एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, यूटीएफ-८ ही युनिकोडची पद्धत आहे का, ते पाहावे.

चित्रे दिसत नसतील तर एचटीएमएलसोबत तयार झालेले चित्रांचे फोल्डर चढवायचे राहिले असण्याची शक्यता अधिक. तेही जागेवर असेल, तर नावे तपासावीत: विंडोज लहान-मोठ्या रोमन अक्षरांत फरक करत नाही, लिनक्सवर चालणारे सर्व्हर (संकेतस्थळ जिथे ठेवलेले असते ते संगणक) करतात. फाइलचे नाव देवनागरीत ठेवण्याचा मोहही आवरावा, कारण पत्ता कॉपी करताना त्यातील प्रत्येक अक्षर आणि मात्रेची टक्केचिन्हांसह नऊ चिन्हे होऊ शकतात.