आदळणाऱ्या तारकीय वाऱ्यांचा क्ष-किरण आलेख कसा वाचावा

हरभऱ्याची सवंगणी उरकत आलेली असते, त्या मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री नऊच्या सुमारास धुऱ्यावर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहावे. व्याधाखालचा अगस्त्य ओळखीचा असतोच. त्याच्या डावीकडे, क्षितिजापासून हात लांबवून धरलेल्या सुमारे दोन मुठींएवढ्या उंचीवर गॅमा व्हेलोरम हा ठळक तारा दिसतो. तेथे एक वुल्फ-रायेत तारा (दाट वारा फेकणारा, अतितप्त, उतारवयातील भारी तारा) आणि एक ओ वर्गाचा तारा (अतितप्त, निळसर, भारी तारा) ७८.५ दिवसांत परस्परांभोवती एक फेरी पूर्ण करतात, आणि दोघांचे वेगवान वारे, म्हणजे पृष्ठभागावरून सतत बाहेर फेकला जाणारा वायू, मध्ये आदळतात.

आधी तापमान काढावे. वाऱ्याचा वेग हजार किलोमीटर प्रतिसेकंद या एककात घेऊन त्याचा वर्ग करावा आणि १.४ कोटींनी गुणावे. वेग १,५०० किलोमीटर धरल्यास सुमारे ३ कोटी केल्विन येतात. वारे समोरासमोर आदळतात तेथेच हे लागू पडते. कडेला टक्कर तिरकी असल्याने वायू तुलनेने थंड राहतो, म्हणून हा आकडा कमाल मर्यादा समजावा.

एवढ्या तप्त वायूचे क्ष-किरण आपले वातावरण शोषून घेते, त्यामुळे नोंदी उपग्रहांच्याच घ्याव्या लागतात. त्या नासाच्या खुल्या संग्रहात मिळतात. प्रत्येक नोंदीच्या दिनांकातून एक ठरलेला आरंभदिनांक वजा करावा, उरलेल्या दिवसांना ७८.५ने भागावे आणि केवळ अपूर्णांक ठेवावा. हीच त्या नोंदीची कला, म्हणजे फेरीतील ताऱ्यांचे स्थान.

आता मृदू (कमी ऊर्जेच्या) आणि कठोर (जास्त ऊर्जेच्या) क्ष-किरणांचे कलेनुसार आलेख वेगवेगळे काढावेत, कारण खरा अर्थ या तुलनेतच दडलेला आहे. वुल्फ-रायेत ताऱ्याचा दाट वारा मृदू किरण गिळतो. ओ तारा आपल्या बाजूला येतो तेव्हा त्याच्या विरळ वाऱ्याने कोरलेली पोकळी आपल्याकडे वळते आणि मृदू किरण एकाएकी वाढतात; मूळ उत्सर्जन मात्र तेवढेच असू शकते. केवळ एकत्रित तेजावरून निष्कर्ष काढणे मला म्हणूनच धोक्याचे वाटते.

हीच पद्धत ईटा कॅरिने या दुसऱ्या भारी ताऱ्यांच्या जोडीला लावताना सावध राहावे. तेथील कक्षा अतिशय लांबट असून आवर्तनकाळ सुमारे साडेपाच वर्षांचा आहे. तारे सर्वांत जवळ येताना तेज आधी चढते आणि मग कठोर किरणांसह कोसळते. दाट वाऱ्याचे शोषण आणि टकरीचा प्रदेशच काही काळ ढासळणे, ही दोन्ही कारणे तेथे तपासावी लागतात.