अलास्कात जुनी सोन्याची खाण घेताय? आधी कागद बघा

अलास्का-कॅनडा सीमेवरच्या फॉर्टीमाइल नदीकडे १८८६ला, म्हणजे कॅनडातल्या प्रसिद्ध क्लोंडाइकच्याही १० वर्षं आधी सोनं सापडलं. अलास्कातले असे जुने क्लेम (खाणीसाठी आखून घेतलेले जमिनीचे तुकडे) अजून विकायला येतात आणि फोटोत लाकडी केबिन, गंजलेला बॉयलर बघून माणूस भाळतोच. पण आधी एकच विचारा, क्लेम पेटंटेड, म्हणजे सरकारने जमिनीची मालकी लिहून दिलेला, आहे का? असेल तर जमीन खरंच तुमची. फेडरल जमिनीवरचा अनपेटंटेड असेल तर १८७२च्या कायद्याप्रमाणे फक्त खनिज काढायचा हक्क, जमीन सरकारचीच, हौस म्हणून घर बांधून राहता येत नाही आणि दरवर्षी १ सप्टेंबरपर्यंत फी किंवा फीमाफीचा अर्ज गेला नाही तर क्लेम गेलाच समजा. १९९४पासून नवीन पेटंटचे अर्ज बंद आहेत, त्यामुळे "नंतर करून घेऊ" म्हणणाऱ्या एजंटला तिथूनच नमस्कार.

रेकॉर्डर ऑफिसात (जमिनीच्या नोंदींच्या कचेरीत) टायटल, म्हणजे मालकीची नोंद, तपासा, वकील तिथलाच धरा. नकाशावर ट्रेल दिसली म्हणून वाटेचा हक्क मिळत नाही, बऱ्याच ठिकाणी छोटं विमान नाहीतर हिवाळ्यात स्नोमशीन (बर्फावरची मोटरगाडी) हाच मार्ग. जुन्या मिलजवळची (खनिजाचा दगड कुटायच्या गिरणीजवळची) माती पाऱ्यासाठी टेस्ट कराच, सोनं धरायला पारा वापरायचे आणि साफसफाईचा खर्च नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकतो. बोगद्यात मात्र डोकावूही नका, टेकू कुजलेले असतात.