डिसॅबिलिटी रिटायरमेंटचा अर्ज ऑफिसनेच अडकवलाय? ईईओ तक्रार करण्याआधी या चुका टाळा

अमेरिकेत फेडरल नोकरी करणाऱ्या ओळखीतल्या लोकांचे फोन मला अधूनमधून येतात, कारण मी स्वतः या सगळ्यातून गेलोय हे आता सगळ्यांना माहीत झालंय. फोनवरचं पहिलं वाक्य जवळपास ठरलेलं असतं, "अरे, माझी डिसॅबिलिटी रिटायरमेंट (दुखण्यामुळे काम जमेना म्हणून मिळणारी पेन्शन) नाकारली, आता डिस्क्रिमिनेशनची, भेदभावाची केस टाकतो." आणि तिथेच मी म्हणतो, थांबा जरा.

नाकारली कोणी, हे आधी बघा. अर्जावर हो किंवा नाही म्हणणारी ओपीएम, म्हणजे फेडरल सरकारचं पर्सोनेलचं ऑफिस, ज्यांच्याकडे जाणारे रिटायरमेंटचे कागद पेन्सिल्वेनियात बॉयर्स गावाजवळच्या जुन्या चुनखडीच्या खाणीत, खरंच जमिनीखाली वर्षानुवर्षं तपासले जात आलेत. तुमची एजन्सी म्हणजे तुम्ही जिथे काम करता ते खातं, ते फक्त कागद भरून पुढे पाठवतं. ओपीएमचं उत्तर चुकीचं वाटत असेल तर ३० दिवसांत रिकन्सिडरेशन, म्हणजे फेरविचार मागायचा, तिथेही नाहीच आलं तर पुढच्या ३० दिवसांत एमएसपीबी बोर्डाकडे (फेडरल नोकरदारांची अपिलं ऐकणारं बोर्ड) अपील. हा रस्ता वेगळा आहे. ईईओ तक्रारीत (ही खात्याने केलेल्या भेदभावाविरुद्धची तक्रार) "मला रिटायरमेंट मिळायला हवी होती" असं लिहिलंत तर ती बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर डिसमिस होते, कारण एका ठिकाणचा निकाल दुसऱ्या ठिकाणी मागच्या दाराने फिरवता येत नाही. हीच चूक सगळ्यात जास्त लोक करतात.

मग ईईओत काय चालतं? तुमच्या स्वतःच्या खात्याने काय केलं, ते. सुपरवायझरने एसएफ ३११२बी (हे त्याचं स्टेटमेंट) चार महिने टेबलावर ठेवलं आणि त्याच काळात बाकीच्यांचे कागद आठवड्यात निघाले. एचआरने ३११२डी वर (खात्याने काय सोय करून पाहिली याचा फॉर्म) लिहिलं की अकोमोडेशन, म्हणजे दुखण्यामुळे लागणारी कामाच्या जागची सोय, मागितलंच नव्हतं आणि तुमच्याकडे मागितल्याचा ईमेल आहे. किंवा तुम्ही बसायची खुर्ची मागताय आणि बॉस म्हणतोय, कशाला त्रास, रिटायरमेंटच घेऊन टाका ना. किंवा डॉक्टरचं पत्र त्याने अख्ख्या टीमला फॉरवर्ड केलं, हे तर फारच गंभीर आहे, कारण मेडिकल कागद वेगळे आणि गुप्त ठेवायचे असा कायदाच आहे आणि त्यासाठी बॉसच्या मनात काय होतं हे सिद्ध करत बसावं लागत नाही. फेडरल लोकांसाठी हे सगळं १९७३ च्या रिहॅबिलिटेशन ॲक्टच्या सेक्शन ५०१ खाली येतं, एडीएचेच (अपंगांच्या हक्कांचा अमेरिकेतला मुख्य कायदा) निकष लावतात, पण तक्रारीत नाव लिहायचं ते रिहॅबिलिटेशन ॲक्टचं.

आणि एक कडू गोष्ट. नुसता उशीर म्हणजे डिस्क्रिमिनेशन नाही. एचआर सगळ्यांचेच कागद कुजवत असेल तर तो गलथानपणा झाला, भेदभाव नाही. तुमच्या डिसॅबिलिटीमुळे, वयामुळे (चाळिशी ओलांडलेली हवी), मूळ देशामुळे, किंवा तुम्ही आधी तक्रार केली त्याचा राग म्हणून, अशी काहीतरी कडी दाखवावी लागते. आपल्या लोकांना हे शेवटचं, रिप्रायझलचं म्हणजे सूड उगवण्याचं, लक्षातच येत नाही. अकोमोडेशन मागणं हीसुद्धा संरक्षित गोष्ट आहे, ती मागितल्यावर दोन आठवड्यांत तुमचे कागद हलायचे थांबले असतील तर तारखाच बोलतात.

आता ४५ दिवस. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो तरी चुकतात. घटना घडल्यापासून ४५ कॅलेंडर दिवसांत ईईओ काउन्सेलरला गाठायचं, कामाचे दिवस नाही, शनिवार रविवार धरून. ३ मार्चला सुपरवायझरने तोंडावर सांगितलं की मी सही करणार नाही, तर तुमचा शेवटचा दिवस १७ एप्रिल. लोक काय करतात, एचआरला ईमेल टाकतात, युनियनकडे जातात, बॉसच्या बॉसला भेटतात, सगळे म्हणतात बघतो बघतो, आणि मे उजाडतो. ते सगळं करा पण काउन्सेलरला वेगळा ईमेल करा आणि त्यात साफ लिहा की मला ईईओ प्रोसेस सुरू करायची आहे. अजून एक, प्रत्येक घटनेचं घड्याळ वेगळं चालतं. मार्चचा नकार आणि जूनमधला खोटा ३११२डी हे दोन वेगळे प्रकार, जूनचा वेळेत धरलात म्हणून मार्चचा आपोआप वाचत नाही (मार्चचं पुरावा म्हणून वापरता येतं, ते वेगळं). काउन्सेलिंग ३० दिवसांचं, वाढवलं तर ९० पर्यंत जातं, शेवटी एक नोटीस हातात येते आणि ती मिळाल्यापासून फक्त १५ दिवसांत फॉर्मल तक्रार द्यायची. नोटीस ईमेलने येते, स्पॅममध्ये जाते, एवढं सांगून पुढे जातो.

सगळ्यात महाग पडलेली चूक मात्र दुसरीच. माझ्या ओळखीतले एक काका, खात्याचं नाव घेत नाही, हृदयाच्या दुखण्यामुळे नोकरी सुटली. त्यांनी ईईओ तक्रार आधीच टाकली होती आणि ती चांगली मजबूत होती. डोक्यात असं की आधी केस जिंकू, मग रिटायरमेंटचं बघू, दोन्ही एकदम केलं तर वाईट दिसेल. आता गंमत बघा, फॉर्मल तक्रारीनंतर चौकशीलाच १८० दिवस, त्यानंतर ईईओसीच्या (भेदभावाच्या तक्रारी बघणारा फेडरल आयोग) जजपुढे हिअरिंग मागितलं तर वर्षं जातात. काकांनी अर्ज केला तो नोकरी सुटल्यावर चौदाव्या महिन्यात. रिटायरमेंटच्या अर्जाची मुदत सेपरेशनपासून एक वर्ष असते आणि ईईओ तक्रार चालू आहे म्हणून ती एक दिवसही थांबत नाही. सूट मिळते ती फक्त त्या काळात माणूस मानसिकदृष्ट्या अक्षम असेल तरच. काकांची मागणी त्यात बसणारी नव्हती. त्यांच्या हातात तक्रारीचे तीन फोल्डर होते, पेन्शनचा एक कागद नव्हता.

म्हणून दोन्ही घोडे एकदम सोडा. सुपरवायझर ३११२बी देत नाही म्हणून वाट बघत बसू नका, एसएफ ३१०७ (रिटायरमेंटचा मूळ अर्ज) आणि तुमचं स्वतःचं स्टेटमेंट ३११२ए मुदतीत पोचवा, बाकीचे मागून जोडता येतात. नोकरी सुटून ३१ दिवसांच्या वर झाले असतील तर थेट ओपीएमला पाठवा, ट्रॅकिंग नंबर लावून. फर्समध्ये (फेडरल नोकरदारांची आताची पेन्शन योजना) असाल तर १८ महिन्यांची सिव्हिलियन सर्व्हिस लागते, दुखणं निदान एक वर्ष टिकणारं असावं लागतं आणि सोशल सिक्युरिटी डिसॅबिलिटीचा अर्ज केल्याची पावती लागते. ती पावती राहते हमखास. सोशल सिक्युरिटीने नाही म्हटलं तरी चालतं, अर्ज केलेला हवा.

यातली खरी गोम शब्दांत आहे, आणि इथे माझं स्वतःचंही चुकलं होतं. रिटायरमेंटच्या कागदावर आपण लिहितो "मी काहीच काम करू शकत नाही", ईईओ तक्रारीत लिहितो "खुर्ची दिली असती तर मी काम केलं असतं". समोरचा वकील दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवतो आणि विचारतो, यातलं खरं कुठलं? सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये क्लीव्हलँड नावाच्या बाईंच्या केसमध्ये सांगितलंय की सोशल सिक्युरिटीकडे काम जमत नाही म्हटलं म्हणून भेदभावाचा दावा आपोआप बुडत नाही, पण तो फरक तुम्ही नीट समजावून द्यायला हवा. मी नंतर पुरवणी स्टेटमेंट दिलं त्यात साधारण असं लिहिलं: "सलग ४० मिनिटांच्या वर बसता येत नाही. उभं राहून काम करायचं टेबल लेखी मागितलं, दिलं नाही. त्याशिवाय या पोस्टचं काम माझ्याकडून होत नाही." हे दोन्हीकडे चालतं कारण दोन्हीकडे खरं आहे. "काहीच" आणि "कधीच" हे शब्द हात आखडून वापरा. डॉक्टरलाही हेच सांगा, "पेशंट अनफिट" एवढ्या एका ओळीने ओपीएम हलत नाही, तुमच्या पोस्टमधलं कुठलं काम का होत नाही ते ३११२सी (डॉक्टरचा फॉर्म) सोबत लिहून हवं.

शेवटी सेटलमेंट. खातं म्हणतं, तक्रार मागे घ्या, आम्ही रिमूव्हल (नोकरीवरून काढल्याची नोंद) काढून टाकतो, रेकॉर्डवर "वैयक्तिक कारणाने राजीनामा" लिहू. ऐकायला इज्जतीचं वाटतं. पण मेडिकल कारणाने काम जमत नाही म्हणून खात्याने काढलं असेल तर ब्रूनर नावाचा १९९३ चा फेडरल सर्किट कोर्टाचा निकाल आहे, त्यामुळे सुरुवातीलाच तुमचा पेन्शनचा हक्क आहे असं गृहीत धरलं जातं आणि ते खोडायला पुरावा ओपीएमला आणावा लागतो. राजीनामा लिहिला की ते बळ गेलं. पेन्शन पहिल्या वर्षी हाय-थ्री सरासरीच्या (सगळ्यात जास्त पगाराच्या सलग तीन वर्षांची सरासरी) ६० टक्के आणि मग ६२ वयापर्यंत ४० टक्के (सोशल सिक्युरिटी मिळत असेल तर त्यातून वजावट होते), तेव्हा वीस हजार डॉलरच्या चेकसाठी काय सोडतोय याचा हिशोब सही करण्याआधी कागदावर मांडा. एसएफ-५० वर (नोकरीतल्या बदलांची अधिकृत नोंद) नक्की कुठला शब्द येणार हे सेटलमेंटमध्येच लिहून घ्या. आणि तो एसएफ-५०, परफॉर्मन्स रेटिंग, रजेचा हिशोब हे सगळं ईओपीएफमधून (तुमची ऑनलाइन सर्व्हिस फाइल) आधीच उतरवून ठेवा, कारण शेवटच्या दिवशी बॅज जमा केला की लॉगिन बंद होतं, मला तर दुपारी दोनलाच बाहेर काढलं सिस्टीममधून आणि अर्धं डाउनलोड तसंच राहिलं.