विद्यापीठाचा अर्थसंकल्प कसा वाचायचा

एकतीस वर्षं मी एका सार्वजनिक विद्यापीठाच्या वित्त विभागात काढली. फेब्रुवारी-मार्च म्हणजे आमच्याकडे लगीनघाई असायची. निवृत्त झाल्यावर अधिसभेवर, म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटवर, पदवीधर गटातून नव्याने निवडून आलेले दोघं अर्थसंकल्पाचा जाडजूड ग्रंथ घेऊन घरी आले. "काकू, यात नेमकं बघायचं काय?" त्यांना जे दाखवलं तेच इथे लिहिते आहे.

एकूण आकडा आधी बाजूला ठेवा. 'इतक्या कोटींचा अर्थसंकल्प, इतक्या कोटींची तूट' ही बातमी होते, पण त्यातून काही कळत नाही. कुठला पैसा कशाला बांधलेला आहे, ते शोधा.

राज्य शासनाचं वेतन अनुदान मंजूर पदांवरच्या लोकांच्या पगारासाठी येतं आणि तिथेच संपतं. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाप्रमाणे वेतन निधी वेगळा ठेवावा लागतो, त्यातही शासनमान्य पदांचा वेगळा आणि इतर पदांचा वेगळा. उच्च शिक्षणासाठीच्या केंद्राच्या योजनांमधून, म्हणजे पूर्वी 'रुसा'तून आणि २०२३पासून 'पीएम-उषा'तून, येणारा पैसा केंद्र-राज्य ६०:४० वाट्याचा. तो ठरलेल्या कामालाच लावायचा आणि तसा लावल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं. देणग्या विश्वस्त निधीत ठेव म्हणून जातात आणि बक्षिसं सहसा तिच्या व्याजातून दिली जातात. पाच हजारांच्या जुन्या ठेवीवर सहा टक्क्यांनी वर्षाला तीनशे रुपये येतात, त्यात सुवर्णपदक कसं होणार? पदकांची यादी बघताना हे लक्षात असू द्या.

उरतो तो विद्यापीठाचा स्वतःचा पैसा: परीक्षा शुल्क, पात्रता शुल्क, कॉलेजांकडून येणारं संलग्नीकरण शुल्क, विभागांची फी, ठेवींचं व्याज. तालुक्याच्या कॉलेजात बी.ए. करणाऱ्या मुलीने परीक्षेचा फॉर्म भरताना दिलेले पैसे इथे येतात. तिने विद्यापीठाचं मुख्य आवार कदाचित पाहिलेलंही नसतं. म्हणून हा भाग मी सगळ्यात बारकाईने वाचायला सांगते.

आता रकाने बघा. साधारणपणे चार असतात: गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, त्याच वर्षाचा नंतर बदललेला म्हणजे सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. भाषणं शेवटच्या रकान्यावर होतात. तुम्ही 'प्रत्यक्ष'वर पट्टी ठेवा. मागच्या तीन वर्षांचे अर्थसंकल्प घ्या, एकच लेखाशीर्ष (खर्चाची एक बाब) निवडा आणि वहीत उतरवून काढा. समजा, ग्रंथखरेदीला ४० लाखांची तरतूद, सुधारित अंदाज २५ आणि प्रत्यक्ष खर्च ११. तीन वर्षं असंच दिसलं, तर ग्रंथालयाला मिळालेला आकडा ११च आहे. बाकीचे २९ लाख कागदावरच राहिले.

पैसा का खर्च होत नाही, याचं उत्तर बहुतेकदा तारखांमध्ये असतं: समितीची बैठक लांबली, निविदा उशिरा निघाली, मंजुरी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आली. मुलींच्या वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीची एक फाइल माझ्या टेबलावरून तीनदा त्रुटी काढून परत गेली. एप्रिल उजाडला, तरतूद गेली आणि मुलींनी तो उन्हाळा टँकरवर काढला. त्या त्रुटींपैकी एक शेरा माझ्या हातचा होता. तो मी फोन करून, उभ्या उभ्या मिटवू शकले असते. अजून सलतं.

तुटीच्या अर्थसंकल्पाने लगेच घाबरू नका. खर्चच न झाल्याने कागदावरची तूट वर्षअखेरीला पुष्कळदा विरून जाते. बघायचं ते ठेवींकडे: रोजचा खर्च चालवायला ठेवी मोडताहेत का?

आणि पगाराच्या पानावर थांबा, खरी गोष्ट तिथे आहे. एक प्राध्यापक निवृत्त होतो, पद भरलं जात नाही. त्या पदाचं वेतन अनुदान येत नाही, पण वर्ग तर घ्यावाच लागतो. मग तासिका तत्त्वावर किंवा कंत्राटी शिक्षक घेतला जातो आणि त्याचं मानधन विद्यापीठ बहुधा स्वतःच्या निधीतून देतं. म्हणजे शासनाने उचलायचा भार त्या बी.ए.च्या मुलीच्या परीक्षा शुल्कावर येतो. 'मानधन', 'तासिका', 'बाह्यस्रोत' (आउटसोर्सिंग) ही लेखाशीर्षं शेजारी मांडा, वर्षागणिक किती चढली ते पाहा आणि मंजूर पदं किती, भरलेली किती, हा तक्ता त्याच्या बाजूला ठेवा. अधिसभेत विचारायचा पहिला प्रश्न तुम्हाला इथेच मिळेल.

अधिसभेचे सदस्य नसाल तरी अडत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे अर्थसंकल्प स्वतःहून जाहीर करणं बंधनकारक आहे, त्यामुळे आधी संकेतस्थळ बघा. नसेल तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा. अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. 'खर्च का झाला नाही' असं विचारू नका, कारण कायद्याने नोंदी मिळतात, खुलासे नाही. असं लिहा: 'अमुक लेखाशीर्षाखाली मागील तीन वर्षांतील तरतूद, सुधारित अंदाज व प्रत्यक्ष खर्च, तसेच संबंधित खरेदी समितीच्या बैठकांच्या इतिवृत्ताच्या प्रती मिळाव्यात.' लेखाशीर्षाचं नाव आणि क्रमांक छापल्याप्रमाणे हुबेहूब उतरवा, म्हणजे 'माहितीचा बोध होत नाही' म्हणून अर्ज परत येणार नाही. तीस दिवसांत उत्तर नाही आलं, तर पहिलं अपील करा. अर्जाची पोच मात्र त्याच दिवशी शिक्क्यानिशी घेऊन ठेवा.