स्वस्तातल्या छोट्या लॅपटॉपवर काय टाकायचं: विंडोज, लिनक्स मिंट की क्रोमओएस फ्लेक्स?

सोयाबीनचे पैसे हातात आले की तालुक्याच्या दुकानांत लॅपटॉपची विचारपूस वाढते. कुणाच्या पोरीचं कॉलेज सुरू झालेलं असतं, कुणाला गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकायचं असतं. बजेट ठरलेलं, त्यामुळे मशीनही ठरलेलं: ४ जीबी रॅम आणि सेलेरॉन प्रोसेसरवालं नवं, नाही तर नागपूरहून, बर्डीतून आणलेलं सेकंडहँड. त्यात ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे लॅपटॉप चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, कोणतं टाकायचं हे मात्र बहुतेक वेळा दुकानदारच ठरवून मोकळा होतो. तसं होऊ देऊ नका. निवड अवघड नाही, फक्त सुरुवात मशीनपासून न करता कामापासून करायची.

आधी कागद घ्या

लॅपटॉपवर काय काय करायचं ते लिहा आणि त्याच्यापुढे त्या कामासाठी लॅपटॉपला काय जोडावं लागतं तेही लिहा. हा दुसरा रकाना बहुतेक जण सोडून देतात, आणि घोळ नेमका तिथंच होतो.

सातबारा पाहणं, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज, कॉलेजचा प्रवेश, यूट्यूबवरचे तास, मेल ही सगळी ब्राउझरमधली कामं. क्रोम किंवा फायरफॉक्स जिथं चालतं तिथं ती होतात, खाली विंडोज आहे की आणखी काही, याने काही अडत नाही. पत्र, अर्ज, बायोडेटा लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये निवांत होतात.

पण आपले सरकार सेवा केंद्र किंवा सीएससी चालवायचं असेल तर गोष्ट वेगळी. आधारची थम मशीन आणि डिजिटल सहीचा टोकन यांची सॉफ्टवेअर विंडोज धरूनच बनवलेली असतात. लिनक्सवर (ही विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, मिंट तिचाच एक प्रकार) ती चालवायच्या खटपटीत गिऱ्हाईक दारात ताटकळत बसेल. हिशेबाची टॅलीसुद्धा विंडोजचीच. एमएस-सीआयटीचा सराव घरी करायचा असेल तर तिथंही विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसच लागतं. लिब्रेऑफिसचे मेनू वेगळ्या जागी असतात, परीक्षेच्या तोंडावर पोट्टं गोंधळतं.

प्रिंटरचंही बघून घ्या. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानात हमखास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० विंडोजवर सरळ चालतो, लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) बसवताना घाम फुटतो. उलट एचपीचे बरेच प्रिंटर लिनक्सवर एचपीलिप नावाच्या सॉफ्टवेअरमुळे लगेच ओळखले जातात; लेझरजेट १०२० सारख्या काहींना एक जादा प्लगइन तेवढं डाउनलोड करावं लागतं.

कागदावर विंडोजच लागणारं यातलं एक जरी काम असेल तर विंडोज ठेवा आणि पुढचं वाचताना फक्त आपलं मशीन ते झेपवतं का एवढंच बघा.

मग मशीन तपासा

लॅपटॉपवर विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरीवर टिचकी मारली की रॅम किती आणि किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. अगदी स्वस्त मॉडेलांत रॅम बोर्डलाच डकवलेली असते, ती पुढे वाढत नाही. घेण्याआधी दुकानातच हे बघा, लाजू नका.

डिस्क कोणती आहे ते त्याहून महत्त्वाचं. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरणारी हार्डडिस्क असेल तर कुठलीच ऑपरेटिंग सिस्टीम त्याला जोर देणार नाही. २५६ जीबीची एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा, मग बाकीचं बोलू. काही छोट्या नव्या मशीनमध्ये ईएमएमसी नावाची ३२ किंवा ६४ जीबीची साठवण असते. ३२ जीबीवर विंडोजचे मोठे अपडेट मावत नाहीत, आणि विंडोज ११ ला तर कमीत कमी ६४ जीबी लागतेच.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठीचे जादा सुरक्षा अपडेट नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेल कोर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे फुकट ॲप तुमचं मशीन बसतं की नाही ते सांगतं. ‘चौथ्या पिढीच्या आय५ वर विंडोज ११ टाकून देतो’ असं कुणी म्हणालं तर तो आडमार्ग आहे, पुढच्या अपडेटची हमी त्यात नाही.

आता निवड

थम मशीन, टॅली वगैरे असेल आणि मशीन बसत असेल तर विंडोज ११. नवा लॅपटॉप एस मोडमध्ये असेल तर त्यात स्टोअरबाहेरचं काहीच बसत नाही. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून तो मोड फुकट काढता येतो, फक्त परत लावता येत नाही. एक मात्र पक्कं ठेवा, राजेहो: ॲक्टिव्हेटर (लायसन्स चुकवणारं सॉफ्टवेअर) मारून दिलेलं विंडोज नको. अँटीव्हायरस बंद करूनच जे टाकावं लागतं, ते टाकलेल्या मशीनवर लोकांचे आधार नंबर आणि बँक खाती भरायची का? विंडोज ८ च्या काळापासून कंपनीच्या लॅपटॉपची विंडोजची लायसन्स की बोर्डातच साठवलेली असते. आवृत्ती तीच ठेवून नव्याने विंडोज टाकलं की ते नेटवर आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

काम ब्राउझरचं आणि लिहिण्याचं असेल, मशीन जुनं आणि रॅम ४ जीबी असेल तर माझं मत सरळ लिनक्स मिंटला, तेही त्याच्या एक्सएफसीई या हलक्या आवृत्तीला. विंडोज वापरलेल्या माणसाला ती परकी वाटत नाही: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. २ जीबी रॅम असेल तर लुबुंटू किंवा अँटीएक्स हे आणखी हलके लिनक्स बघा, पण रॅम खातो तो ब्राउझर, त्यामुळे दहा टॅब उघडायचं स्वप्न सोडा.

क्रोमओएस फ्लेक्स गूगलचं आहे, फुकट आहे, ४ जीबी रॅम आणि १६ जीबी साठवणीवर हलकं चालतं. पण अँड्रॉइडची ॲप त्यात नाहीत, आणि नेट नसेल तर ते अर्धं होतं. वर्ध्यात, यवतमाळात फायबर असेल तर ठीक. धारणीच्या पुढच्या गावात किंवा भामरागडकडे, जिथं मोबाइलला रेंज शोधावी लागते, तिथं ते घेऊ नका.

डाउनलोड आणि पेनड्राइव्ह

मिंटची फाइल ३ जीबीच्या आसपास. रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर ती एका दिवसात उतरत नाही, आणि ब्राउझरमधून अर्ध्यावर तुटली तर पुन्हा पहिल्यापासून. टोरंटने उतरवली की जिथं थांबली तिथून पुढे चालते. नाही तर तालुक्याला वायफायवाल्या ओळखीच्याकडून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर आणा. विंडोजच्या मशीनवर रुफस नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरने ती फाइल पेनड्राइव्हवर चढवायची. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, लग्नाचे फोटो आधी काढून घ्या.

लॅपटॉप चालू करताना लेनोवो आणि डेलमध्ये एफ१२, एचपीत एफ९, आसुसमध्ये एस्केप दाबत राहा, म्हणजे पेनड्राइव्ह निवडायचा मेनू येतो.

टाकायच्या आधी चालवून बघा

मिंट डिस्कला हात न लावता नुसतं पेनड्राइव्हवरून चालतं. हळू चालेल, ते पेनड्राइव्हमुळे. वायफाय लागतं का, आवाज येतो का, उजेड कमी-जास्त होतो का, झाकण बंद करून उघडल्यावर जागं होतं का, टचपॅडवर दोन बोटांनी सरकतं का, हे बघा. वायफाय लागत नसेल तर घाबरू नका. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टिदरिंग चालू करा, बहुतेक वेळा लगेच नेट मिळतं, मग ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर उतरवा. प्रिंटरही याच वेळी जोडून एक पान काढा.

सगळं जमलं तर पुढे. आधी फाइली बाहेर काढा. नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे बिटलॉकरचं डिस्कला लावलेलं कुलूप, बहुतेक वेळा आपसूक चालू असतं. विंडोजही सोबत ठेवायचं असेल तर बिटलॉकरची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून वहीत उतरवून घ्या, नाही तर नंतर विंडोज कीच मागत बसेल. काम वीज असताना करा, बॅटरी पूर्ण भरलेली ठेवा. जुन्या मशीनची बॅटरी मेली असेल तर लोडशेडिंगचं वेळापत्रक बघूनच बसा.

मराठी टाइप करायला मिंटमध्ये आयबस हे सॉफ्टवेअर आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाका, इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड मिळतात. गावातल्या जुन्या फाइली कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमध्ये असतात. त्या फॉन्टच्या फाइली घराच्या फोल्डरात ‘.फॉन्ट्स’ या नावाच्या, अर्थात इंग्रजी स्पेलिंगच्या, फोल्डरात ठेवल्या की लिब्रेऑफिसमध्ये अक्षरं दिसायला लागतात.

शेवटी दोन सेटिंग. विंडोज ठेवलं असेल तर मोबाइलच्या हॉटस्पॉटला ‘मीटर्ड कनेक्शन’ लावा, नाही तर सकाळी फॉर्म भरायच्या वेळी दिवसाचा डेटा अपडेटने खाल्लेला असेल. मिंट असेल तर सिस्टीमच्या प्रती राखून ठेवणारं टाइमशिफ्ट चालू करा, पण ६४ जीबीच्या डिस्कवर त्याच्या दोनच प्रती ठेवा, जास्त ठेवल्या तर महिनाभरात डिस्क भरते.