लातूरहून पुण्याला बिऱ्हाड हलवताना : तारखेनुसार मांडलेला खर्चाचा आराखडा

नोकरी बदलल्यामुळे किंवा बदली झाल्यामुळे लातूरसारख्या शहरातून पुण्यात राहायला जाणारे कुटुंब हिशेबाला बसते, तेव्हा ट्रकचे भाडे, घराचे डिपॉझिट, दलाली, शाळेची फी अशा रकमा एकाखाली एक लिहून त्यांची बेरीज करते आणि तेवढे पैसे बँकेत आहेत एवढे पाहून निश्चिंत होते. ही बेरीज बरोबर असली तरी दुसऱ्याच महिन्यात उसनवारीची वेळ येऊ शकते, कारण कोणती रक्कम कधी बाहेर जाणार आणि कोणती कधी परत येणार, हे तिच्यात कुठेच दिसत नाही. नव्या घराचे डिपॉझिट चावी मिळण्यापूर्वी द्यावे लागते. जुन्या घराचे डिपॉझिट ते घर रिकामे करून वीजबिल चुकते केल्यानंतरच हातात येते. आणि नव्या नोकरीचा पहिला पूर्ण पगार बहुतेक वेळा या दोन्हींनंतर जमा होतो. म्हणून आराखडा तारखेनुसार मांडावा आणि त्याची सुरुवात निघण्याच्या एक महिना आधीपासून करून तो पोहोचल्यानंतरच्या तिसऱ्या महिन्यापर्यंत न्यावा.

वहीच्या पानावर तारीख, तपशील आणि रक्कम यांच्याबरोबर आणखी एक रकाना आखावा आणि त्यात ती रक्कम कायमची गेली, अडकून राहिली की दरमहा जाणार आहे, हे लिहावे. दलाली आणि ट्रकभाडे कायमचे जाते. डिपॉझिट आपलेच असते, पण ते वर्षभर वापरता येत नाही. भाडे, सोसायटीचा मेंटेनन्स, शाळेची व्हॅन आणि इंटरनेट यांचा भार दर महिन्याला पडतो. या तीन प्रकारांची सरमिसळ केली की एकतर खर्च अवाच्या सवा वाटून माणूस घाबरतो, किंवा अडकलेली रक्कम शिल्लक समजून खर्च करून बसतो.

चौघांच्या कुटुंबाचे उदाहरण घेऊ. पुण्यातील घराचे भाडे दरमहा २०,००० रुपये, तीन महिन्यांचे डिपॉझिट ६०,०००, एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली २०,०००, पहिल्या महिन्याचे आगाऊ भाडे २०,०००, करारनाम्याच्या खर्चातील आपला वाटा ३,०००, सामान हलवण्याचे २५,००० आणि घर लावण्याचे १५,००० असे धरले, तर पहिला पगार हाती पडण्यापूर्वीच १,४३,००० रुपये बाहेर जातात. त्यांपैकी ६०,००० अडकलेले, ६३,००० कायमचे गेलेले आणि २०,००० दरमहा जाणाऱ्या भाड्याचे असतात. यात किराणा, दूध, भाजी, पेट्रोल आणि मोबाइल यांचे महिन्याचे २५,००० मिळवले की आकडा १,६८,००० होतो. शाळेचा खर्च अजून यात धरलेलाच नाही. हे आकडे केवळ मांडणी समजावी म्हणून घेतलेले आहेत. आपले आकडे आपण घालावेत, पण या यादीतील एकही ओळ गाळू नये.

आता पगाराची तारीख पाहू. महिना ६०,००० पगाराच्या नोकरीवर १० जूनला रुजू झाल्यास जूनचे २१ दिवस भरतात आणि कपातीपूर्वीचा पगार ४२,००० होतो. शिवाय अनेक कंपन्यांत पगारपत्रक महिन्याच्या विसाव्या-पंचविसाव्या दिवशी बंद होते. त्यानंतर रुजू होणाऱ्याचा त्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पगारात मिळतो. तोपर्यंत दुसऱ्या महिन्याचे भाडे देण्याची तारीख येऊन ठेपते. त्यामुळे रुजू होण्याची तारीख ठरवतानाच मनुष्यबळ विभागाला दोन गोष्टी विचाराव्यात : या महिन्याचे पगारपत्रक कधी बंद होते, आणि स्थलांतराचा खर्च कंपनी देणार असेल तर तो आगाऊ मिळतो की बिले दाखवल्यावर. बिले दाखवल्यावर मिळणार असेल, तर सुरुवातीला सगळे पैसे आपल्यालाच उभे करावे लागतात आणि ट्रकवाल्याकडून जीएसटी क्रमांकासह पक्के बिल घ्यावे लागते. वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास हा खर्च परत करण्याची अट नियुक्तिपत्रात असेल, तर ती रक्कमही वहीत एका कोपऱ्यात टिपून ठेवावी.

घर निवडताना भाड्याचा आकडा एकटा पाहू नये. कामाचे ठिकाण हिंजवडीत असेल आणि स्वस्त घर धायरीत किंवा आंबेगावात मिळत असेल, तर कामाजवळच्या घरापेक्षा भाडे ६,००० रुपयांनी कमी पडेलही. पण त्यापायी दुचाकीचा प्रवास रोज ३० किलोमीटरने वाढत असेल, तर महिन्याच्या २५ दिवसांत ७५० किलोमीटर होतात. लिटरला ४५ किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरले तर हा जादा खर्च सुमारे १,७५० रुपये होतो आणि दोघेही नोकरीला जात असतील तर ३,५०० पर्यंत पोहोचतो. पावसाळ्यात रिक्षा किंवा कॅब करावी लागली की उरलेली बचतही फारशी राहत नाही, आणि रोजचा दीड-दोन तास जातो तो वेगळाच. माझ्या मते पहिले अकरा महिने कामाच्या किंवा मुलांच्या शाळेच्या जवळ राहणे हा सर्वांत सुरक्षित निर्णय आहे. शहर कळले की दूरचे घर शोधायला हरकत नाही.

घर पाहताना पाण्याबद्दल सविस्तर विचारावे. पुण्याच्या भोवतालच्या, महापालिकेत अलीकडे आलेल्या अनेक भागांत सोसायट्यांना टँकरवर अवलंबून राहावे लागते आणि उन्हाळ्यात त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये चढतो. घरमालकाकडे एप्रिल-मे महिन्यांची मेंटेनन्सची बिले मागावीत, म्हणजे मेंटेनन्स भाड्यात धरलेला आहे की वेगळा, हेही स्पष्ट होते. सामान आत नेताना सोसायटी काही शुल्क घेते का आणि पार्किंगचे वेगळे पैसे आहेत का, हे टोकन, म्हणजे घर पक्के करण्यासाठीची आगाऊ रक्कम, देण्यापूर्वीच विचारावे. सदनिका भाड्याने दिल्याबद्दल सहकारी गृहनिर्माण सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क आकारते, त्यावर राज्य शासनाने सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे आणि ते शुल्क सोसायटी सभासदाकडून, म्हणजे घरमालकाकडून घेते. ते भाडेकरूच्या माथी मारले जात असेल तर बोलणी तेव्हाच करावीत.

करारनाम्याच्या बाबतीत काटकसर करू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठराविक मुदतीसाठी घर भाड्याने देण्याचा, करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे बंधनकारक आहे, ती जबाबदारी घरमालकाची आहे, आणि नोंदणी झालेली नसल्यास घर कोणत्या अटींवर दिले होते याविषयी भाडेकरूचे म्हणणे, त्याविरुद्ध काही सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य मानले जाते. मुद्रांक शुल्क कराराच्या मुदतीतील एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरील वार्षिक १० टक्के कल्पित व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के लागते. आपल्या उदाहरणात अकरा महिन्यांचे भाडे २,२०,००० आणि ६०,००० वरचे व्याज ५,५०० मिळून २,२५,५०० होतात आणि त्यावरचे शुल्क ५६४ रुपयांच्या आसपास येते. महापालिका क्षेत्रात नोंदणी शुल्क १,००० रुपये असते. वरचे पैसे मुख्यतः करार तयार करून घरी येऊन बोटांचे ठसे घेणाऱ्या एजंटाच्या मेहनतान्याचे असतात, म्हणून त्याच्याकडून शासकीय शुल्क आणि मेहनताना वेगवेगळा लिहून मागावा. खर्च निम्मा-निम्मा वाटून घेण्याची पद्धत रूढ आहे, पण तसे बोलून ठरवावे लागते.

करार वाचताना पैशाच्या दृष्टीने तीन कलमे महत्त्वाची असतात : लॉक-इनचा काळ (ज्या मुदतीत घर सोडता येत नाही किंवा सोडल्यास पैसे भरावे लागतात), घर सोडताना रंगकामासाठी किती रक्कम कापणार, आणि डिपॉझिट किती दिवसांत परत करणार. रंगकामापोटी एक महिन्याचे भाडे कापण्याची अट मान्य केली असेल, तर आपल्या वहीत ६०,००० ऐवजी ४०,००० च अडकलेले आणि २०,००० गेलेले धरावेत. ताबा घेतल्याच्या दिवशी भिंती, नळ, स्विच, दारे आणि वीजमीटरचे वाचन यांचे फोटो काढून घरमालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावेत, आणि महावितरणच्या ग्राहक क्रमांकावरून आधीची थकबाकी नाही ना, हे तपासावे.

सामानाच्या बाबतीत काय न्यायचे हे आधी आणि कोणाकडून न्यायचे हे नंतर ठरवावे. लातूर ते पुणे हे अंतर सुमारे ३३० किलोमीटर आहे. एवढ्या अंतरासाठी मोठ्या पॅकर्स कंपनीपेक्षा ओळखीचा ट्रान्सपोर्टवाला आणि दोन्ही टोकांना ठरवलेले हमाल पुष्कळदा स्वस्त पडतात, आणि परतीच्या फेरीत रिकामा जाणारा ट्रक मिळाला तर आणखी. पॅकिंगचे काम मात्र घरच्यांवर येते. जुने लाकडी कपाट लिफ्टमध्ये मावणार नसेल, तर त्याची हमाली, सुताराकडून सुटे करून पुन्हा जोडण्याचा खर्च आणि त्याची आजची किंमत यांची तुलना करावी. दर लेखी घ्यावा आणि त्यात टोल, हमाली, मजले, विमा, जीएसटी आणि ट्रक थांबवून ठेवल्यास लागणारे पैसे आले आहेत की नाहीत, हे स्पष्ट लिहून घ्यावे. केवळ फोनवर, सामान न पाहता सांगितलेल्या दरावर विसंबून आगाऊ रक्कम देऊ नये. बिल्टीबरोबर, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याने सामान ताब्यात घेतल्याच्या पावतीबरोबर, सामानाची यादी जोडून घ्यावी. फ्रंट लोड वॉशिंग मशीनचे ड्रम धरून ठेवणारे स्क्रू बसवायला आणि एसी काढून पुन्हा बसवायला माणूस बोलवावा लागतो. हा खर्च ट्रकच्या दरात नसतो.

गॅसचे कनेक्शन नवीन घेण्याऐवजी हस्तांतरित करावे : सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीत जमा करून अनामत परत घ्यावी आणि हस्तांतरणाची पावती जपून ठेवावी. नव्या घरात महाराष्ट्र नॅचरल गॅसची पाइपलाइन असेल, तर शेगडीचे जेट बदलून घ्यावे लागतात. वाहनासाठी राज्यातल्या राज्यात पुन्हा नोंदणी लागत नाही. फक्त पत्ता बदलून घ्यावा. हैदराबाद किंवा बेंगळुरूला जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ वाहन वापरायचे असेल तर जुन्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, नवी नोंदणी आणि तिथला रस्ता कर असा मोठा खर्च येतो, आणि महाराष्ट्रातील उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा वेगळा अर्ज करून मागावा लागतो. जुनी गाडी विकून तिथे घेणे अशा वेळी परवडते का, हे निघण्यापूर्वीच पाहावे.

शाळेसाठी निघण्याचा महिनाच महत्त्वाचा ठरतो. एप्रिलमध्ये परीक्षा संपवून मे महिन्यात हललेल्या कुटुंबाला एकाच वर्षी दोन शाळांची फी भरावी लागत नाही, मात्र जूनच्या सुमारास विद्यार्थ्यांची गर्दी पुण्यात येऊ लागते आणि घरे महाग होतात. म्हणून घर मेच्या पहिल्या पंधरवड्यात पक्के करणे सोयीचे जाते. प्रवेश शुल्क, गणवेश, पुस्तके आणि व्हॅन यांचे आकडे वेगळे मागावेत आणि व्हॅनचे पैसे दहा महिन्यांचे की बारा, हेही विचारावे. शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला, तरी शिक्षण हक्क कायद्यानुसार शासकीय आणि अनुदानित शाळांना त्या कारणावरून आठवीपर्यंतचा प्रवेश अडवता येत नाही.

या सगळ्यावर एकरकमी खर्चाच्या १५ टक्के आणि एका महिन्याचा घरखर्च एवढी राखीव रक्कम ठेवावी. ती कमी पडत असेल, तर क्रेडिट कार्डावर डिपॉझिट भरण्यापेक्षा मुदत ठेव न मोडता तिच्या तारणावर बँकेकडून ओव्हरड्राफ्ट घेणे किंवा घरच्यांकडून परतफेडीची तारीख ठरवून पैसे घेणे बरे, कारण डिपॉझिट अकरा महिने परत येणार नसते आणि कार्डाचे व्याज दर महिन्याला चढत राहते. जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट घेणाऱ्यांनी वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर जात असल्यास घरमालकाचा पॅन करार करतानाच मागून घ्यावा. मार्चमध्ये तो मिळवणे अवघड होते.

तिसरा महिना संपला की अंदाजाशेजारी प्रत्यक्ष खर्च लिहावा आणि दरमहाचा आकडा नव्याने ठरवावा. अकराव्या महिन्यानंतर करार पुन्हा करावा लागेल, भाडेही बहुधा वाढेल, आणि घर बदलायचे ठरले तर दलाली, ट्रक आणि नवे डिपॉझिट यांचा खर्च जुने डिपॉझिट हातात येण्यापूर्वीच उभा राहील. त्यासाठी चौथ्या महिन्यापासून वेगळ्या आवर्ती ठेवीत पैसे टाकायला सुरुवात करावी. आपल्या उदाहरणातील कुटुंबाने दरमहा ५,००० बाजूला काढले, तर अकराव्या महिन्याअखेर ४०,००० रुपये आणि त्यावरचे थोडे व्याज हाताशी असेल.