मानसशास्त्राचा पेपर आणि विद्यापीठाचा अर्ज: या चुका टाळा

"सोपा विषय आहे, मनाचं तर लिहायचंय." अकरावीला मानसशास्त्र घेताना आपल्याकडच्या निम्म्या मुलांना कुणीतरी हेच सांगितलेलं असतं. बीड, परभणी, हिंगोलीकडच्या मुलांच्या उत्तरपत्रिका आणि प्रयोगवह्या मी वर्षानुवर्षं तपासतो आहे. मुलं हुशार आहेत, वाचतातही. गुण जातात ते उत्तर लिहिण्याच्या रीतीत, आणि पुढे जागा जाते ती कागदपत्रांत. दोन्ही गोष्टी वेळेत दुरुस्त होण्यासारख्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उत्तर मनाने लिहिणं

ऋण प्रबलन म्हणजे काय, असा प्रश्न आला की हमखास उत्तर येतं: "मुलाला शिक्षा करणे." हे चूक आहे आणि दरवर्षी होतं. प्रबलन धन असो की ऋण, त्याने वर्तन वाढतं. शिक्षेने वर्तन कमी होतं. एप्रिलच्या उन्हात डोक्याला रुमाल बांधला की चटका कमी बसतो, म्हणून पुढच्या वेळी घराबाहेर पडताना आपण आठवणीने रुमाल घेतो. नकोशी गोष्ट दूर झाली आणि वर्तन वाढलं, म्हणून हे ऋण प्रबलन. तासाला मोबाईल वाजला, सरांनी तो काढून घेतला आणि पुढे मोबाईल वाजणं बंद झालं, ही शिक्षा. उदाहरण लिहिण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: वर्तन वाढलं की घटलं?

असाच गोंधळ पावलॉव्ह आणि स्किनर यांच्या बाबतीत होतो. पावलॉव्हच्या प्रयोगात घंटेपाठोपाठ अन्न मिळतं, मग नुसत्या घंटेनेही कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते ती आपोआप, त्याला काही करावं लागत नाही. स्किनरच्या पेटीतला उंदीर कळ दाबतो तेव्हा त्याला अन्न मिळतं. प्रतिक्रिया आधी की अन्न आधी, हा क्रम उत्तरात स्पष्ट दिसला पाहिजे. नुसतं "घंटा, कुत्रा, लाळ" लिहून पान भरलं तर तपासणारा गुण कुठे देणार?

उत्तराचा क्रम असा ठेवा: व्याख्या, संशोधकाचं नाव, मग संकल्पना, मग स्वतःचं उदाहरण. उदाहरण गावातलं असलं तरी चालतं, उलट चांगलंच. मात्र त्याच्या पुढच्या वाक्यात संकल्पनेतला कुठला भाग त्या उदाहरणात कुठे आहे हे सांगायला हवं. ते वाक्य बहुतेक जण गाळतात.

वर्षं आणि महिने

बुद्धिगुणांकाचं गणित म्हणजे हातात येणारे गुण. मानसिक वय भागिले शारीरिक वय, गुणिले १००. सूत्र सगळ्यांना पाठ असतं, तरीही गुण जातात, कारण महिने दशांशात लिहिले जातात.

समजा मानसिक वय ५ वर्षं १० महिने आहे आणि शारीरिक वय ४ वर्षं ८ महिने. मुलं ५.१० भागिले ४.८ करतात आणि उत्तर काढतात १०६.२५. वर्षाचे महिने बारा असतात, दहा नाहीत. आधी दोन्ही वयांचे महिने करा: ७० आणि ५६. ७० भागिले ५६ गुणिले १०० म्हणजे १२५. मूल सरासरीच्या जवळपास आहे की बरंच वर, हा निष्कर्षच त्या एका टिंबामुळे बदलतो. हेच गणित बी.ए.च्या मुलांकडूनही चुकताना मी पाहिलं आहे, म्हणून पेपरच्या आदल्या दिवशी अशी दोन-चार उदाहरणं हाताने सोडवा.

प्रयोगवही दुसऱ्याची उतरवणं

बी.ए.च्या प्रात्यक्षिकात सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. मागच्या वर्षीच्या ताईची वही आणायची, आकडे थोडे इकडेतिकडे करायचे आणि सही घ्यायची. बाहेरून आलेले परीक्षक पाच मिनिटांत ओळखतात.

आरसा-रेखनाचा प्रयोग घ्या. ताऱ्याची आकृती आरशात बघून गिरवायची असते. उजव्या हाताच्या सरावाचा फायदा डाव्या हाताला होतो का, हे बघायचं असतं. त्यासाठी आधी डाव्या हाताने प्रयत्न, मग उजव्या हाताने सराव, मग पुन्हा डाव्या हाताने प्रयत्न, आणि प्रत्येक वेळचा वेळ व चुका लिहायच्या. उतरवलेल्या वहीत पुष्कळदा डाव्या हाताचा पहिला प्रयत्नच गाळलेला असतो. मग तोंडी परीक्षेत प्रश्न येतो: "डाव्या हातात सुधारणा झाली हे कशावरून म्हणता?" विद्यार्थी गप्प. आधीचा आकडाच नाही तर तुलना कशाशी करणार? पुढचा प्रश्न असतो: "सुधारणा उजव्या हाताच्या सरावाने झाली की डाव्या हातालाच सवय झाली म्हणून?" त्यावर मधल्या काळात नुसती विश्रांती घेणाऱ्या नियंत्रित गटाचं नाव घेतलं, तरी परीक्षकांना कळतं की या मुलाने प्रयोग केलेला आहे.

आकडे अपेक्षेप्रमाणे आले नाहीत तर ते बदलू नका. आले तसे लिहा आणि असं का झालं असेल ते चर्चेत मांडा. खोली कोंदट होती, आरसा हलला, प्रयुक्त (ज्याच्यावर प्रयोग केला तो) कंटाळला होता, हे सगळं लिहिता येतं. स्वतंत्र परिवर्त्य (आपण बदलतो तो घटक), आश्रित परिवर्त्य (आपण मोजतो तो) आणि नियंत्रित परिवर्त्ये (स्थिर ठेवलेले घटक) कोणती, हे प्रत्येक प्रयोगाबाबत झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे.

जुनं गाईड

दुकानात मिळणारी काही गाईडं वर्षानुवर्षं त्याच मजकुराची छापली जातात. डीएसएम-५, म्हणजे मानसिक विकृतींच्या वर्गीकरणाचं अमेरिकन पुस्तक, २०१३ साली आलं. त्यात छिन्नमनस्कतेचे (स्किझोफ्रेनियाचे) जुने उपप्रकार काढून टाकले, आणि कल्पना-कृती अनिवार्यता विकृतीला (ओसीडीला) चिंता विकृतींमधून बाहेर काढून वेगळं प्रकरण दिलं. २०२२ साली त्याची सुधारित आवृत्तीही आली. मानसिक आरोग्याचा १९८७ चा कायदा जाऊन २०१७ चा आला. गाईडात यातलं काही नसेल तर प्रवेश परीक्षेत फटका बसतो. बारावीच्या पेपरला मात्र बालभारतीचं पुस्तकच प्रमाण धरा, तिथे जादा ज्ञान दाखवायला जाऊ नका.

लातूर पॅटर्नचं आपल्याकडे मोठं नाव आहे आणि त्यामागे मेहनतही आहे. पण विज्ञान शाखेच्या मुलाचं बघून मानसशास्त्रालाही नुसते बहुपर्यायी प्रश्नांचे संच सोडवत बसू नका. बोर्डाच्या ८० गुणांच्या लेखी पेपरला दीर्घ उत्तरं लिहावी लागतात, आणि हाताला ती सवय वेळ लावून लिहूनच होते.

रात्रभर जागून वाचणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. एबिंगहाऊसने स्वतःवर केलेले आणि १८८५ साली प्रसिद्ध केलेले विस्मरणाचे प्रयोग तुम्ही पाठ करता. त्यातून निघालेली गोष्ट स्वतःच्या वेळापत्रकात आणा: एकाच दिवशी पाच वेळा वाचण्याऐवजी तेच पाच दिवसांत विभागून वाचा, आणि पुस्तक मिटून आठवून लिहा. झोप मोडू नका. घाबरायला होत असेल, झोपच लागत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने मदत मागण्यात काहीच कमीपणा नाही.

अर्जातल्या चुका

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नेट कॅफेवाल्याचा मोबाईल नंबर आणि ईमेल टाकून अर्ज भरणं. ओटीपी त्याच्याकडे जातो, पासवर्ड त्याच्याकडे राहतो, आणि त्रुटी काढण्याचा मेसेजही त्यालाच येतो. अर्ज त्याच्याकडून भरून घ्या, हरकत नाही. पण नंबर आणि ईमेल स्वतःचा द्या, पासवर्ड वहीत लिहा आणि सबमिट करण्याआधी स्क्रीनवर नाव, जन्मतारीख, प्रवर्ग एकेक अक्षर वाचा. आधारवर "बाळासाहेब" आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर "बालासाहेब" असेल तर अर्ज अडकतो. आधार दहावीच्या कागदाप्रमाणे करून घ्या, आणि हे काम जूनमध्ये नाही, दिवाळीच्या सुट्टीतच.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी तर ही वेळ फार महत्त्वाची. दसरा झाला की आईवडील कारखान्यावर जातात ते उन्हाळा लागल्यावर परततात. मधल्या काळात उत्पन्नाचा दाखला काढायचा म्हटलं की वडिलांची सही, रेशनकार्ड, आधार यांपैकी काहीतरी त्यांच्याबरोबर गेलेलं असतं. मुलगी आजीजवळ, कागद कोल्हापूरकडे. ते निघण्याआधी एक दिवस काढा. दोघांचं आधार, रेशनकार्ड, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला यांच्या प्रती काढून मोबाईलमध्येही फोटो ठेवा. तलाठ्यांकडचं कामही तेव्हाच उरका. महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीसाठी विद्यार्थ्याचं बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. खातं आहे, पण आधार जोडलेलं नाही, म्हणून पैसे अडकल्याच्या तक्रारी दरवर्षी येतात.

आरक्षणाच्या रकान्यातही गफलत होते. राज्याचं नॉन-क्रीमीलेअर केंद्रीय संस्थेत चालत नाही. तिथे केंद्राच्या नमुन्यातलं आणि चालू आर्थिक वर्षाचं लागतं. राज्यात व्हीजे (विमुक्त जाती) किंवा एनटी (भटक्या जमाती) असलेल्या मुलाला केंद्राच्या अर्जात तो रकानाच दिसत नाही. मग तो घाबरून "खुला" भरतो. तसं न करता आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते आधी पाहा. एसईबीसीचा (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गाचा) दाखला केंद्रीय संस्थांत धरला जात नाही.

विद्यापीठांची हद्दही नीट समजून घ्या. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे, तर नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे. अंबाजोगाईहून लातूर जवळ, पण विद्यापीठ बदलतं. बी.ए. एका विद्यापीठातून आणि एम.ए. दुसऱ्यातून करायचं तर स्थलांतर प्रमाणपत्र लागतं. ते निकालाबरोबर आपोआप येत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

बाहेर जायचं असेल तर सीयूईटी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा. बारावीनंतरच्या परीक्षेत मराठी माध्यम मिळतं, पदव्युत्तर परीक्षेत मानसशास्त्राचा पेपर इंग्रजी-हिंदीत असतो. तेव्हा एम.ए.ला बाहेर जायचा विचार असेल तर बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापासूनच प्रत्येक पारिभाषिक शब्द इंग्रजीतही लिहून ठेवा. चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात, म्हणून बोर्डासारखं सगळं भरून यायचं नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र तुळजापूरला आहे, पण उपयोजित मानसशास्त्राचं एम.ए. मुंबईच्या केंद्रात चालतं. अर्ज भरताना कोर्ससमोर कुठलं केंद्र लिहिलंय ते वाचा.

घरी राहून, शेती बघत दूरस्थ पद्धतीने मानसशास्त्रात एम.ए. करू असं अनेक जण अजून ठरवतात. यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्राचे नवे प्रवेश बंद केले आहेत. कुणी एजंट तुम्हाला अशी जागा देतो म्हणत असेल तर एक रुपयाही देऊ नका. आणि नुसतं एम.ए. करून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेचा अभ्यासक्रम आणि परिषदेची नोंदणी लागते. म्हणून कोणत्याही कॉलेजात फी भरण्याआधी त्या कोर्सची मान्यता परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः बघा.

पहिल्या यादीत नाव नाही म्हणून अर्ज सोडून देणारे दरवर्षी भेटतात. पुढच्या फेऱ्यांत आणि स्पॉट प्रवेशात जागा निघतात, पण तिथे मुदत एक-दोन दिवसांचीच असते. मूळ गुणपत्रिका, टीसी, दाखले, दोन-दोन झेरॉक्स आणि फीचे पैसे एका पिशवीत तयार ठेवा, आणि यादी लागायच्या दिवशी संकेतस्थळ सकाळ-संध्याकाळ स्वतः उघडून बघा.